आईनं घडवलेलं डोकं

दचकू नका, मी एक कवटी बोलतेय. माझं कपाळ मागं झुकलेलं आहे आणि डोकं दुधी भोपळ्यासारखं लांबट. जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. मला माझ्या आईनं असं घडवलं.

माझे लोक समुद्रापलीकडून होड्यांतून या बेटावर आले. आमच्यात मूल जन्मलं, की डोकं मऊ आहे तोवरच ते लोकरीच्या पट्ट्यांनी बांधत. लांब डोकं म्हणजे आपलं माणूस! धाकट्या भावाचं डोकं बांधताना मी आईला पाहिलंय. पट्टी ओढताना ती ओठ घट्ट मिटून घेई. पुन्हा पुन्हा गाठ सैल करून बघे, कातडी लाल तर झाली नाही ना. तो रडला की तीही रडे. पण पट्टी काढून टाकायचा धीर तिला होत नसे. परक्या मुलखात आपल्याच माणसांनी लेकराला आपलं म्हटलं नाही तर?

मी पहिल्या बाळंतपणात गेले. मग थडग्यावरच्या दगडमातीच्या ढिगाखाली किती काळ पडून होते, कोण जाणे. १९८१ साली नव्या रस्त्यासाठी ते ढिगारे उकरायचं ठरलं, तेव्हा वली नावाच्या खोदकाम्यानं मला अलगद वर काढलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये गुरुप्रसादच्या टेबलावर ठेवलं.

“साहब, ये इन्सान है या जिन्न?” वलीनं विचारलं.

नोकरीसाठी या बेटावर आलेला गुरुप्रसाद सापडलेल्या वस्तूंची चित्रं काढायचा. मला फिरवून बघता बघता त्याचा चेहरा उतरला. “औरत है,” तो म्हणाला. “बचपन में किसीने सर बाँधा होगा.”

त्याला घरची तान्ही लेक आठवली होती. चिमटा लावून प्रसूती झाल्यामुळं तिचं डोकं जरा लांबट आलं होतं. बाळंतपणासाठी राजापूरकडून आलेली त्याची आई, काशीबाई, रोज तेल लावून ते दोन्ही तळव्यांनी गोल करायला बघायची. आजवर त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. आता मात्र माझ्या कपाळावरची पट्टीची खाच त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. घरी जाऊन तो आईवर ओरडला, “बास! पोरीच्या डोक्याला हात लावायचा नाही!”

पुढच्या शुक्रवारी, मुलगा एवढा कशानं ओरडला ते बघायला, काशीबाई हट्टानं शेडमध्ये आली. मला पाहून तिनं विचारलं, “कसला रोग झालेला रे हिला?”

“रोग नाही. आईनंच केलंय हे, दाबून दाबून.”

काशीबाईनं दोन्ही हात पदराखाली लपवले.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “गुरू, तुझ्या आधीची आपली मालू... तिचंही डोकं मी असंच चोळायची. ती गेली, ती माझ्या हातानं का रे?”

गुरुप्रसाद हादरलाच. आईच्या मनात हे येईल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. “नाही गं,” तो म्हणाला खरा, पण त्याला तरी कुठं काय ठाऊक होतं?

त्या दिवसापासून काशीबाईनं नातीला हात लावला नाही. पोरगी रडली तरी ही दारात उभी राहून नुसती बघायची. गुरुप्रसादला काम सुचेना. वलीला तो सारखं हेच सांगत बसे.

शेवटी त्याची बायको स्मिता सासूला आणि बाळाला घेऊन डॉक्टर जुबैदाकडं गेली आणि तिथून टॅक्सीनं थेट शेडमध्ये आली.

“डोकं आपोआप गोल होतंय,” तिनं नवऱ्याला सांगितलं. “आईंच्या हातानं काही बिघडलेलं नाही. जोरानं दाबायचं नाही आणि टाळू जपायची, एवढंच. मालूताईंचंही विचारलं मी. ताप डोक्यात गेला, झटके आले, ते चोळण्यानं होत नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या.”

काशीबाईचे हात तरीही पदराखालीच. एवढ्यात बाळ रडायला लागलं. स्मितानं ते उचलून सासूच्या मांडीवर ठेवलं. “आई, माझ्याच्यानं गप्प होत नाही ही. घ्या ना.”

काशीबाईनं एक हात बाहेर काढला.  एक बोट तिनं बाळाच्या कपाळावरून हळूच फिरवलं. थोड्या वेळानं दुसरा हातही बाहेर आला.

गुरुप्रसाद तिच्या पायाशी बसला. “आई, मी भलतंच बोललो.”

“तुला काळजी होती बाबा,” ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. “मला तुम्ही सांगितलंत, माझं चुकलं नाही म्हणून. हिच्या आईला कोण सांगणार रे?”

 मला तेव्हा ओठ असते, तर!

आता मी कापसात गुंडाळलेली, एका खोक्यात असते. कधी झाकण उघडतं. कुणी म्हणतं ‘विद्रूप’, कुणी म्हणतं ‘काय क्रूर लोक!’ माणसांनो, माझं डोकं खुशाल मोजा, चित्रं काढा. फक्त आईबद्दल वाईट बोलताना झाकण लावून घ्या. मला ऐकू येतं.