वळणावरचं पिंप

थांबा, हॉर्न वाजवू नका. वाजवलात तरी मी हलणार नाही, मला पाय नाहीत. मी पिंप बोलतोय. अंगावर लाल-पांढरे पट्टे, पोटात वाळू आणि रस्त्याच्या मध्ये उभं केलेलं लोखंडी पिंप. तुम्ही मला नक्की पाहिलं असेल आणि बहुतेक माझ्यावर चिडलाही असाल. त्याचा मला राग नाही. माझ्या कामात लोक चिडतातच.

माझा जन्म कारखान्यातला. सपाट पत्रा वाकवून, कडा जुळवून मला गोल केलं. पहिल्यांदा माझ्यात आकाशी रंग भरला होता. तो कुणाच्या भिंतींना लागला ते मला कधी कळलं नाही. रंग संपल्यावर पिंपाला कोण विचारतो? वरचं झाकण कापलं आणि मला एका बांधकामावर पाणी साठवायला नेलं.

ते बांधकाम म्हणजे एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभी राहत असलेली उंच इमारत. आधी तिथे पडीक गोदामं होती. गवंडी माझ्यातलं पाणी घेऊन विटा भिजवायचे, दुपारी तोंड धुवायचे आणि जेवण झालं की मला टेकून घरी फोन करायचे. त्यातला एक जण बायकोला रोज सांगायचा, "आज एक मजला चढला गं." त्याच्या हिशेबाने ती इमारत केव्हाच ढगात गेली असती. पण माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळूच उठली, आणि तिच्या भिंतींत माझंही पाणी आहे याचा मला अभिमान वाटायचा.

मग माझ्या तळाला भोक पडलं. पाणी राहीना, तसं मला कोपऱ्यात आडवं टाकलं. मी गंजलो. एका मांजरीने माझ्यात पिलं घातली, तेवढाच काय तो विरंगुळा. इमारतीत माणसं राहायला आली, सामानाचे ट्रक आले, खिडक्यांना पडदे लागले. माझी आठवण कुणालाच नव्हती. अखेर पालिकेच्या रस्ते विभागाच्या माणसांनी मला उचललं, पट्टे ओढले, थोडी वाळू भरली आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी आणून उभं केलं. भोक असलेल्या पिंपात वाळू मात्र छान राहते, हे मला तेव्हा कळलं.

मला तिथे का आणलं, ते सांगतो. इमारतीचं फाटक गल्लीत उघडायचं. सकाळी सगळ्यांना एकदम बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सगळ्यांना एकदम आत यायचं. जुन्या गल्लीतली माणसं म्हणायची, "ही इमारत झाली आणि आमचं चालणं बंद झालं." इमारतीतली माणसं म्हणायची, "आम्हीही घरच घेतलंय, गुन्हा नाही केला." दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी एका बाजूला एक शिलाईचं दुकान होतं. ते चालवणारी बाई समोरच्याच घरात राहायची. तिच्या सासूबाईंना सगळी गल्ली बटणआजी म्हणायची, कारण उभा जन्म त्यांनी काजं करण्यात आणि बटणं लावण्यात घालवला होता. पूर्वी त्या दिवसातून कितीदा तरी गल्ली ओलांडायच्या. कधी चष्मा आणायला, कधी गॅस बंद केला का ते बघायला, आणि कधी नुसतंच सुनेला काहीतरी ऐकवायचं राहून गेलं म्हणून.

गाड्या वाढल्या आणि आजी फूटपाथवरून एक पाऊल खाली टाकून मागे घ्यायला लागल्या. सून मशीन सोडून हात धरायला यायची. पुढे आजींनीच सांगून टाकलं, "तुझं काम मोडतं. कपडे घरीच पाठव." कपडे घरी जायला लागले. बटणं लागायची, पण आजी दिवसभर खिडकीत बसून दुकानाकडे बघायच्या.

"आई, तुम्ही समोर नसलात की माझं चुकतं," सून म्हणायची.

"मी समोर असतानाही चुकायचंच. फक्त तेव्हा मी लगेच सांगायचे."

रस्ते विभागाच्या अभियंता मॅडमनी आमची रांग लावली, ती गाड्यांनी एका बाजूने आत जावं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर यावं म्हणून. महिनाभर बघू, जमलं तर पक्का दुभाजक बांधू, असा त्यांचा बेत होता. रांगेतलं शेवटचं पिंप मी, अगदी वळणावरचं. त्यामुळे जो तो माझ्यावरच हात टाकायचा.

सकाळी यायचा इमारतीतला घाईदादा. हे नाव अर्थातच गल्लीने ठेवलेलं. गाडी मधेच उभी करून तो उतरायचा, मला मिठी मारून तिरका करायचा आणि तळाच्या कडेवर गोल गोल फिरवत फूटपाथपाशी न्यायचा, म्हणजे गाडी एका दमात वळायची.

"सरक रे बाबा, हिची शाळा चुकेल."

मागच्या सीटवरून त्याची मुलगी विचारायची, "बाबा, तो तुमचं ऐकतो?"

"घरात कोणी ऐकत नाही. हा तरी ऐकतो."

दुपारी दुकानातून सून यायची. गळ्यात मोजपट्टी, दातात टाचणी. ती मला ढकलत ढकलत गल्लीच्या अगदी मध्यावर आणायची. मग आजी घरातून निघायच्या. अर्धी गल्ली ओलांडून माझ्या आड थांबायच्या, माझ्या कडेवर हात ठेवायच्या, दुसऱ्या बाजूच्या गाड्या जाऊ द्यायच्या आणि मग उरलेली गल्ली ओलांडायच्या. पहिल्या दिवशी त्या अशा एकट्या पलीकडे पोचल्या, तेव्हा सून दुकानाच्या दारात तोंडावर हात ठेवून उभी होती. आजी आत शिरल्या आणि म्हणाल्या, "कातरी कुठे ठेवलीस? जागच्या जागी एक वस्तू सापडेल तर शपथ."

संध्याकाळी भाजीवाला मला आपल्या गाडीशेजारी ओढायचा आणि माझ्यावर टोमॅटोची टोपली ठेवायचा. भाजीवर पाणी मारताना माझ्यावरही मारायचा. मला ते आवडायचं. बांधकामावरचे दिवस आठवायचे.

मॅडम आल्या की मी कधीच जागेवर नसायचो. "याला काय पाय फुटलेत का?" म्हणत त्या मला मूळ खुणेवर नेऊन ठेवायला लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी त्या वैतागल्या. एका सकाळी त्यांच्या माणसाने माझ्याशेजारी काँक्रीट कालवायला घेतलं. माझ्या पोटात काँक्रीट भरून मला मूळ खुणेवर कायमचं पक्कं करायचं ठरलं होतं.

ते पाहून सून दुकानातून धावत आली.

"मॅडम, हे इथेच पक्कं होणार?"

"हो. रोज रोज कोण सरकवत बसणार?"

"मग आमच्या आई पुन्हा घरात बसल्या म्हणायच्या."

मॅडमना काही कळेना. तेवढ्यात त्यांच्या माणसाने मला बाजूला लोटलं आणि मॅडमचं लक्ष खाली गेलं. माझा तळ गंजका, वर भाजीवाल्याचं पाणी. जिथे जिथे मी उभा राहिलो होतो, तिथे तिथे डांबरावर तांबूस वर्तुळं उमटली होती. एक फूटपाथजवळ, एक भाजीच्या गाडीपाशी आणि एक बरोबर मध्यावर. मॅडमच्या खुणेवरचं वर्तुळ सगळ्यांत फिकं होतं.

मॅडम वाकून बघत राहिल्या. "हे मधलं कोणाचं?"

"माझं," सून म्हणाली. "म्हणजे आईंसाठी."

"आणि हे कडेचं?"

सुनेने नुसतं इमारतीकडे पाहिलं. भाजीवाला एकाएकी टोमॅटो निवडण्यात गढून गेला.

"आम्ही सूचना मागवल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "कार्यालयात सभाही घेतली. तुमच्यातलं एक माणूस आलं नाही."

"सभा भर दुपारी होती, मॅडम. दुकान कोणावर टाकून येणार?"

मॅडमनी मानेने होकार दिला. मग हसून म्हणाल्या, "बरं. आता मीच इथे येते." कालवलेलं काँक्रीट वाया जाऊ नये म्हणून त्यांनी जवळचा एक खड्डा भरून घेतला. त्या खड्ड्याबद्दल गल्ली बरेच दिवस तक्रार करत होती, त्यामुळे मॅडमची पत एकदम वाढली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सभा भरली, तीही माझ्याभोवतीच. आजींना बसायला दुकानातलं स्टूल आणलं. मॅडमनी खडूने रस्त्यावर रेघा मारल्या आणि रेघांवर उभं राहून सगळे भांडले.

"आम्ही काय उडून बाहेर पडायचं?" घाईदादा म्हणाला.

"दहा मिनिटं लवकर उठायचं," आजींनी सुचवलं.

"आजी, माझी मुलगी उठत नाही हो. मी तर उठूनच असतो."

मुलगी म्हणाली, "खोटं!" आणि सगळे हसले. हसल्यामुळे आवाज जरा खाली आले.

मॅडमनी आजींना विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मला मोठं काही नको. माझी मान वळत नाही. दोन्हीकडच्या गाड्या एकदम बघता येत नाहीत. मध्ये उभं राहायला जागा द्या. एक बाजू बघेन, थांबेन, मग दुसरी बघेन."

मागणी एवढीशी होती, पण मध्ये थांबा आला की गल्ली अरुंद होणार. मग आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गाड्या एका वेळी मावणार नाहीत. इमारतीला मागच्या रस्त्यावर आणखी एक फाटक होतं, कायम कुलूप लावलेलं. गाड्यांनी तिकडून आत यावं आणि इकडून फक्त बाहेर पडावं, असं मॅडम म्हणाल्या. घाईदादाने तोंड वाकडं केलं, कारण त्याला संध्याकाळी वळसा पडणार होता. सुनेचाही चेहरा उतरला, कारण दुकानासमोर गिऱ्हाइकांच्या स्कूटर लावता येणार नव्हत्या. भाजीवाल्याला गाडी चार दुकानं पुढे न्यावी लागणार होती. मला मात्र वाटलं, जिथे सगळ्यांचीच थोडी तोंडं वाकडी होतात, तिथे काहीतरी बरोबर चाललेलं असावं.

लगेच पक्कं काही केलं नाही. मॅडमनी मला आणि माझ्या भावंडांना मध्यावर गोलात उभं केलं. पहिल्याच दिवशी कचरागाडी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. ड्रायव्हर ओरडला, गल्ली ओरडली. यावेळी घाईदादा आणि सून दोघांनी मिळून मला ढकलून मागे घेतलं आणि मॅडमना फोन करून सांगितलंही. मॅडम आल्या, हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "माझंच माप चुकलं," आणि खडूची रेघ पुसून नवी मारली.

त्यानंतर जमलं. अगदी सुरळीत झालं असं नाही म्हणणार. संध्याकाळी मागच्या फाटकाशी अजूनही हॉर्न वाजतात. पण आता आजी मनात येईल तेव्हा गल्ली ओलांडतात. एकदा त्या माझ्या आड उभ्या असताना घाईदादाची गाडी आली. त्याने थांबून हाताने खूण केली, "या आजी." आजी म्हणाल्या, "तू जा आधी. मला कुठे घाई आहे?" तो गेल्यावर त्या सावकाश पलीकडे गेल्या. दुकानातून त्यांचा आवाज आला, "हा शर्ट कोणी शिवलाय? एक बाही वर, एक बाही खाली!" आणि पाठोपाठ सुनेचं हसणं.

पुढे त्या जागी दगडी कठड्याचा छोटासा थांबा बांधला. थांबा आल्यावर माझी गरज संपली. पालिकेची माणसं मला ट्रकमध्ये घालून निघाली तेव्हा आजी दाराशी आल्या होत्या. त्यांनी माझ्या पट्ट्यांवर हलकेच थाप मारली. इतक्या मायेने माझ्या पत्र्याला कुणी हात लावला नव्हता.

आता मी दुसऱ्या एका रस्त्यावर उभा आहे. इथे दवाखाना आहे, समोर नवं संकुल बांधताहेत आणि मधून शाळेच्या बस जातात. पट्टे नव्याने रंगवलेत, तब्येत ठणठणीत आहे. मी सुखात आहे.

तुम्हाला एकच सांगणं आहे. मी तुमच्या वाटेत येत असेन तर खुशाल सरकवा मला, मी रागावणार नाही. पण सरकवून निघून जाऊ नका. मॅडम आल्या की पुढे व्हा आणि सांगा, मी सरकवलं, या कारणासाठी सरकवलं. माझ्या तळाची खूण फक्त जागा दाखवते; सरकवण्याचं कारण मात्र तुम्हालाच सांगावं लागतं.

आज सकाळी इथेही कोणीतरी मला दवाखान्याच्या दाराकडे हातभर सरकवलंय. कोण ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. ती समोरच उभी आहे, मॅडमची वाट बघत.