न्हाईचं बटण

सिद्धोधनच्या गेममध्ये एक मेलेला बैल होता. त्या बैलापायी दोन वर्षं गेली.

गोष्ट त्याच्या आजीची, कुसुमबाईची. धम्म घेतल्यावरही गावानं मेलेला बैल ओढायला सांगितला, तेव्हा तिनं नवऱ्याच्या हातातला दोर हिसकून फेकला आणि न्हाई म्हटलं. मग आठ महिने गिरणी बंद, दुकान बंद, विहीर बंद. गेममध्ये खेळणाऱ्यानं तिचा नवरा, सटवाजी व्हायचं आणि ठरवायचं: हो की न्हाई. हो म्हटलं की सोपी वाट, गाव खूश. न्हाई म्हटलं की खरा खेळ. दळण कुठून आणायचं, पाण्याला कुणाला धाडायचं, असे चाळीस प्रसंग.

चित्रं भागवतची. भागवत वालूरच्या शेतकऱ्याचा पोरगा, कॉलेजात सिद्धोधनच्या बाकावरचा. त्याचा हात असा, की बैलाच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली की बघणाऱ्याचा हात ती हाकलायला उठावा. गेम विकत घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीला तेच आवडलं. अख्खा गेम याच दर्जाचा करा, म्हणे, आणि दिवाळीच्या आत द्या. तसा एक प्रसंग काढायला भागवतला तीन आठवडे लागायचे.

"बाकीचे साधे काढ ना," सिद्धोधन म्हणाला. "नुसत्या रेघोट्या. लोक गोष्टीसाठी खेळतील."

"चित्र बघून उघडत्यात गड्या. उघडलाच न्हाई तर गोष्ट कुणाला सांगतूस, म्हशीला? दिवाळीपत्तुर हो म्हनायची वाट तेवढीच निघंल."

"मग न्हाईचं काय?"

"बटण राहू दे की. दाबलं तर पाटील जरा वरडंल, मंग सटवाजी दोर धरंल. खेळणाऱ्याला वाटतंय, आपुनच ठरवायलोय. लय गेमवाले असंच करायलेत."

इथं सिद्धोधननं उठून जायला पाहिजे होतं. तो गेला नाही. दोन वर्षं घरात नुसता बसून खातोय हे ऐकून त्याचे कान किटले होते. बरं म्हणाला. भित्री माणसं असंच बरं म्हणतात.

रविवारी भागवत पूर्ण्याला सिद्धोधनच्या घरी आला. गेम पाठवायचाच होता, त्याआधी आजीला दाखवू म्हणाले. म्हातारी चित्रं बघून खूश होईल, एवढाच दोघांचा हिशोब. विहारात दर पौर्णिमेला मोठ्यानं ग्रंथ वाचणारी बाई बटणं वाचणार नाही, असं या शिकलेल्या गाढवांना कसं वाटलं कोण जाणे.

"बैल लय खरा काढला रे भागवता," कुसुमबाई फोन हातात घेऊन म्हणाली. चष्मा वर सारला आणि न्हाई दाबलं.

पाटील ओरडला. सटवाजी वाकला, त्यानं दोर खांद्यावर घेतला.

"चुकून दुसरंच दाबलं वाटतं," ती म्हणाली.

सिद्धोधननं गेम मागं नेऊन दिला. तिनं बोट नीट रोखून पुन्हा दाबलं. सटवाजी पुन्हा वाकला. तिसऱ्यांदाही. धुळीत बैलाच्या शिंगाची रेघ उमटत गेली, इतकी हुबेहूब की तिनं मान फिरवली.

"ह्येला न्हाई म्हनताच येत न्हाई का?"

"आजी, ते चित्रांमुळं... वेळ न्हाई पुरला," सिद्धोधन म्हणाला.

"मंग बटण कशाला ठिवलं?"

तिनं फोन भागवतच्या हातात दिला.

"ही माझी गोष्ट न्हाई. कुणी इचारलं तर माझी हाय म्हनू नगा."

ती भाकरी टाकायला आत गेली. भागवतनं फोनवरचा तिच्या बोटाचा डाग सदऱ्याला पुसला आणि हळूच विचारलं, "मंग? पाठवू ना?"

आत पिठावर थापा पडत होत्या.

"पाठव," सिद्धोधन म्हणाला.