कापणाऱ्याचं नाव

मास्तरच्या दुकानात एक कायदा होता. टेबलावरून जे कापून येईल ते मशीनवाल्याने गुपचूप शिवायचं, उलट प्रश्न विचारायचा नाही. आता दुकान केवढं, तर दोन माणसांचं. कापणारा मास्तर, आणि मशीनवर त्याची मोठी बहीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. म्हणजे जिने त्याला लहानपणी सुईत दोरा ओवायला शिकवलं, तिच्यासाठीच हा कायदा. घ्या.

ऑर्केस्ट्रात गाणारा एकजण काळी मखमल घेऊन आला. कोट पाहिजे, स्टेजवर घालायचा. मखमल म्हणजे मांजराची पाठ. एका बाजूने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर केस उभे राहतात. तिची लव असते, आणि सगळे तुकडे त्या लवेच्या एकाच दिशेने कापावे लागतात, नाहीतर उजेडात एका कोटाचे दोन रंग दिसतात. मास्तरला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. पण कापड थोडं कमी पडत होतं. पुढचा उजवा तुकडा उलटा फिरवला की बरोबर बसत होता. काळ्यावर कोणाला कळतंय, असं म्हणून त्याने कात्री चालवली.

अक्काच्या हातात तुकडा गेला आणि ती उठून टेबलाशी आली. म्हणाली, "अरे, जरा हात फिरवून बघ यावर."

मास्तरने मानसुद्धा वर केली नाही. "अक्का, कापायचं माझं, शिवायचं तुझं."

ती परत गेली आणि तिने कोट शिवला. शिवला तोही असा, की अस्तराला कुठे सुरकुती नाही.

आठवड्याने गाणारा कोट खांद्यावर टाकून आला. दिवे लागले आणि पहिल्या रांगेपासून लोक हसायला लागले म्हणे. डावी बाजू काळी, उजवी राखाडी. त्याच्या ड्रमवाल्याने तर विचारलं, अर्धाच धुऊन आणलास का. गाणारा भांडायला आला नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं, हे झालं कसं.

आणि मास्तर बोलून गेला. "अक्काचे डोळे गेले हो आता. तुकडे उलटसुलट लावले तिने."

हे एखाद्या शिवणाऱ्याने ऐकलं असतं तर पोट धरून हसला असता. कोटाची उजवी बाजू डावीकडे लागतच नाही, आंधळ्याने लावली तरी. पण गाणाऱ्याला काय माहीत. त्याने मशीनकडे बघून म्हटलं, आजी, आता घरी आराम करा. मास्तरने कोट नवा करून द्यायचं कबूल केलं, तेवढ्यावर तो कोट टेबलावरच ठेवून गेला.

 अक्काने हातातली शिवण पुरी केली, दाताने दोरा तोडला, मशीनवर झाकण ठेवलं आणि ती मागच्या खोलीत गेली. बहीण-भाऊ एकाच घरात, दुकानामागेच राहायचे. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवायला बसायची, भाजी अळणी झाली तर तेही सांगायची, पण दुकानाच्या उंबऱ्याला पाय लावायची नाही. मास्तरच्या बायकोने शेवटी ताट वाढताना सांगितलं, "वन्सं म्हणतात, मास्तर सांगतोय म्हणजे डोळे गेलेच असतील. आता कोणाचा कोट बिघडवायचा नाही म्हणे."  खरं बोलायला दोन शब्द लागत होते. पण माणसाचं असं आहे, खोटं बोलायला जीभ वंगण लावल्यासारखी चालते आणि खऱ्याच्या वेळी गंजते.

मशीनवर तो स्वतः बसायला लागला. पायडल मारून पोटऱ्या भरल्या आणि शिवण अशी आली, जशी नशेतल्या माणसाची चाल.

पाचव्या दिवशी इंग्रजीच्या बाई पडद्यांसाठी आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर या बाईंना एक नाद लागला होता. रोज जाड डिक्शनरीतला एक शब्द वाचायचा आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. न्हाव्याला सांगून आल्या, बार्बर हा शब्द मूळ दाढीवरून आलाय, डोक्याला हात लावलास ते नंतर. वाण्याला म्हणाल्या, ग्रोसर म्हणजे मुळात घाऊक विकणारा, आणि तू पाव किलो देताना काट्याकडे डोळे फाडून बघतोस. त्या दिवशी मास्तरची पाळी होती.

बाई म्हणाल्या, "तुझ्या पाटीवरच्या टेलर शब्दाचा अर्थ माहीत आहे का तुला?"

मास्तर म्हणाला, कपडे शिवणारा, आणखी काय.

"तिथेच चुकतोस. जुन्या फ्रेंचमधून आलाय तो, कापणे या क्रियापदावरून. टेलर म्हणजे कापणारा. शिवण्याचं त्यात नावसुद्धा नाही. रिटेल आणि डिटेल हेही त्याच घरातले, सगळे कापाकापीचे."

मग बाईंनी आपल्याच नादात गंमत सांगितली. आपण म्हणतो कपडे शिवायला टाकले, कापायला टाकले असं कोणी म्हणत नाही. त्या लोकांनी मात्र नाव कात्रीला दिलं. त्यांना कळलं असणार, शिवलेलं उसवता येतं, कापलेलं काही परत जोडता येत नाही. मग नावही कापणाऱ्याचं आणि जबाबदारीही त्याचीच. "आणि अक्का कुठे दिसत नाहीत त्या?" बाईंनी विचारलं.

मास्तरच्या हातातला खडू मोडला. पाटीवर टेलर म्हणून आपलं नाव आपणच लावलं होतं, पितळी अक्षरांत, आणि दर महिन्याला ती चिंचेने घासायचंही आपणच. कान असे तापले, की त्यांवर कपडा ठेवला असता तर इस्त्री होऊन निघाला असता. बाईंना पडद्यांचं माप उद्या घेतो म्हणाला, आणि त्या गेल्यावर मागच्या खोलीत गेला.

अक्का खिडकीशी बसून फाटक्या उशीला टाके घालत होती. चष्म्याशिवाय.

"अक्का, तुकडा मी उलटा कापला होता. कापड वाचवायला. मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," अक्का म्हणाली. "बोटांना डोळे लागत नाहीत. मला कशाला सांगतोस? ज्याला खोटं सांगितलंस त्याला सांग."

 मास्तर बिघडलेला कोट काखेत मारून ऑर्केस्ट्राच्या तालमीच्या खोलीवर गेला. आत सगळे वाजवत होते, ते त्याला बघून थांबले. त्याने गाणाऱ्याला बाजूला बोलवायचं ठरवलं होतं, पण तोंड तिथेच उघडलं. चूक माझी, कापतानाच झाली, बहिणीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, वर तिचंच नाव घेतलं. ड्रमवाला हसला, मग हसायचं थांबला. गाणारा एवढंच म्हणाला, "आणि मी त्या माउलीला आराम करायला सांगून आलो."  मास्तर खाली बघत जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने मशीनचं झाकण काढलं. ना हसली, ना रुसली. बॉबिन बघून म्हणाली, कोणत्या रेड्याने भरलीय ही. मास्तरने पदरची मखमल आणून नवा कोट कापला होता. अक्काने पहिला तुकडा उचलला, मांडीवर ठेवला आणि टेबलाकडे न बघता विचारलं, "लव बरोबर आहे का रे?"

मास्तर टेबलामागून उठला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मशीनपाशी जाऊन वाकला आणि तुकड्यावरून हात फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"बरोबर आहे."

"माहीत आहे," अक्का म्हणाली, आणि तिने पायडल मारलं.