आज नको, काकू

"शैला, लाटणं हातात घेतेस की आरती ओवाळू तुझी?"

"आज नको, काकू."

चारुलताकाकूंनी कपाळावर हात मारला. आज आठवा दिवस! बाई वेळेवर येते, हातपाय धुते, पदर खोचते, पोळपाटापुढे बसते आणि हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत राहते. ना भांडण, ना रडणं. भांडली असती तर काकूंनी तिला उभी चिरली असती. अख्ख्या माधव नगरात त्यांच्या जिभेच्या नादी कुणी लागत नसे. पण 'आज नको'ला उत्तर काय द्यायचं?

बाहेर खानावळीत ओरडा सुरू झाला. "अम्माजी, रोटी भेजो!"

"भेजती हूँ! पेट में आग लगी है क्या?" काकू खेकसल्या.

सून केतकी वैतागून म्हणाली, "आई, आठ दिवस बाहेरून पोळ्या मागवल्या, आज तिथूनही नाही म्हणाले. हिला घरी पाठवा सरळ. दुसरी बाई बघू."

"तू गप गं. एकोणीस वर्षं ही खानावळ हिच्या हातांवर उभी आहे. तुझ्या लग्नातलं जेवणसुद्धा हिनंच रांधलं."

बोलून गेल्या आणि स्वतःच चपापल्या. श्रावणातल्या त्या सोमवारी शैला याच उंबऱ्यात उभी होती. "काकू, शाजापूरला ताई सीरियस आहे. जाऊन येऊ?" महाकालच्या पालखीची सवारी, दारात दोनशे माणसं. "आजचं निभावून ने, उद्या खुशाल जा," काकू म्हणाल्या होत्या. शैलानं मान खाली घालून दिवसभर पोळ्या लाटल्या. ताई त्याच दुपारी गेली. तेराव्यानंतर शैला परत आली, ती ही अशी.

काकू गुडघे धरत तिच्यासमोर टेकल्या. आवाज चढवायचा होता, चढेना.

"जा बाई. देवास गेटच्या स्टँडवरून बस पकड. महिनाभर राहा शाजापूरला. मी एक शब्द बोलणार नाही."

शैलानं आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"आता कोणाकडे जाऊ, काकू?"

बाहेर थाळ्या वाजायला लागल्या. काकूंनी पोळपाट आपल्याकडे ओढला. लाटणं धरून त्यांना वर्षं लोटली होती. पहिली पोळी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटकी झाली.

"आई, ही वाढायची?" केतकीनं विचारलं.

"वाढ. म्हणावं, अम्मा ने बेली है, चुपचाप खाओ."

दुसरी तव्यावर टाकून काकू तिसरीशी झगडत बसल्या. जळका वास सुटला. शैलाचा हात मांडीवरून उठला, त्यानं गॅस बारीक केला, आणि पुन्हा मांडीवर जाऊन बसला.