पिकलेला खांब

मी एक जुना खांब आहे. मुलुंडमधल्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या घरात, भिंतीत निम्मा बुडून मी उभा आहे. म्हणून मित्रांनो, मला कोणी खांब म्हणत नाही. सगळे 'तो कोपरा' म्हणतात. या कोपऱ्याच्या डोक्यावर चार मजले आहेत.

माझा जन्म पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. लोखंडी सळ्या उभ्या केल्या, भोवती फळ्या ठोकल्या आणि वरून काँक्रीट ओतलं. फळ्या निघाल्यावर द्रौपदी नावाच्या मजूर बाईने मला ओलं गोणपाट गुंडाळलं. दोन आठवडे ती सकाळ-संध्याकाळ माझ्यावर पाणी मारायची. "पी बाबा, पोटभर पी," म्हणायची. ओल्या काँक्रीटला असं पाणी मिळालं, की ते बळकट होतं. पण पुढे तेच पाणी सळ्यांपर्यंत झिरपलं, तर सळ्या गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडते. हे नीट लक्षात ठेवा.

माझ्या पाठीला मोरी आहे. तिथला पाइप गळू लागला. माझ्यावर ओल उमटली, की घरची माणसं तिच्यावर प्लास्टर थापायची आणि दिवाळीला रंग द्यायची. "घर काय सुंदर ठेवलंय!" असं पाहुणे म्हणायचे. त्या कौतुकाने मी सुखावायचो, हे कबूल करतो. एका वर्षी नवा फ्रिज बसेना, तेव्हा माझी कड चार बोटं तासून टाकली. मी गप्प राहिलो. खांबांना दुसरं काही येत नाही.

मग घर तीन वर्षं बंद राहिलं आणि विकायला निघालं.

गेल्या रविवारी राजेश नावाचा दलाल गिऱ्हाइकं घेऊन आला. हर्षद आणि अक्षता हे तरुण जोडपं, आणि सोबत कोकणातून आलेल्या अक्षताच्या सुगंधाआत्या. भाड्याचं घर दोन महिन्यांत सोडायचं होतं, म्हणून ती दोघं दर रविवारी स्वस्त, थोडं काम काढावं लागेल असं घर शोधत फिरत होती.

"साहेब, या भावात मुलुंडला खुराडं पण मिळणार नाय," राजेश म्हणाला. "थोडा रंग, थोडी टाइल्स. हा कोपरा अजून थोडा तासला, की हॉल झकास!"

"सोफा बसेल रे इथे," अक्षता खुशीत म्हणाली.

तेवढ्यात आत्या माझ्याजवळ आल्या. बोटं दुमडून त्यांनी मला वाजवलं. टक्, टक्. मग थोडं खाली. बद्द.

"गे अक्षता, ह्यो खांब पिकलो हा."

हर्षद हसला. "आत्या, फणस नाही तो!"

"पिकल्या फणसासारखोच बद्द वाजता, मगे काय म्हणू?" असं म्हणून त्यांनी पुन्हा जोरात ठोकलं, आणि ताटाएवढं प्लास्टर त्यांच्या पायाशी पडलं. आत माझ्या सळ्या दिसल्या. तांबड्या, पापुद्रे सुटलेल्या. एक तर आत्यांनी बोटाने खरवडली, तेव्हा तिचा भुगा पडला.

त्याच वेळी वरून आवाज आला. धप्, धप्, धप्.

"पहिल्या मजल्यावरचा ओजस," राजेश घाईने म्हणाला. "दोरीच्या उड्या मारतो. आणि हे काय, वरवरचं आहे ओ."

"नको आम्हाला," हर्षद म्हणाला. "चल अक्षता."

"वरच्या माणसांका सांगाक व्हया," आत्या म्हणाल्या.

"आपण घेत नाही ना? मग कशाला नसती भानगड?" हर्षद म्हणाला.

दाराबाहेर डावीकडे जिना आहे आणि उजवीकडे फाटक. आत्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलंही होतं. अक्षताने त्यांचा हात धरला. "चल ना गं आत्या, भांडुपचं घर बघायचंय अजून." तिघं उजवीकडे वळली.

ती गेल्यावर राजेशने भिंतीत खिळा ठोकला आणि माझ्या जखमेवर कॅलेंडर टांगलं. ठोकताना माझ्या अंगात आणखी एक तडा गेला. तो रोज केसाएवढा पुढे सरकतो आहे.

उद्या पुन्हा रविवार आहे. उद्या दुसरी माणसं येतील.

मित्रांनो, कदाचित तुम्हीही आईबाबांबरोबर असंच एखादं स्वस्त घर बघायला जाल. रंगावर जाऊ नका. भिंतीवरचं कॅलेंडर उचलून बघा. खांब वाजवा आणि कान देऊन ऐका. तो बद्द वाजला तर घर घेऊ नका, पण तेवढ्यावर निघूनही जाऊ नका.

ओजसने आत्ताच दोरी हातात घेतली आहे. दाराबाहेर पडलात, की डावीकडे, जिन्याकडे वळा.