वारा पाहायचा राहिला

जुन्नरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात बसून यशोधरा गेली तीन वर्षं स्कॉटलंडमधल्या एका गावाला येणाऱ्या पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. गावाचं नाव पोर्टहॅलन. समुद्रकाठचं, जुनं. पडका किल्ला, एका मोडलेल्या चर्चचा तेवढा शिल्लक राहिलेला मनोरा, मासेमारीचं संग्रहालय, दगडी धक्क्याचं बंदर. तिथल्या पर्यटन कचेरीने हे काम पुण्यातल्या एका कंपनीला दिलं होतं आणि कंपनीने यशोधराला. दुपारी दीडला कॉम्प्युटर सुरू करायचा तो रात्री दहाला बंद. किल्ल्यात कुत्रा नेता येतो का, संग्रहालयात लहान मुलांना तिकीट पडतं का, मनोऱ्याला पायऱ्या किती. पायऱ्या एकशे सत्तावन्न. तू झोपेत इंग्रजी बोलतीस, असं तिची आई शकुबाई म्हणायची.

पहिल्या वर्षी यशोधराला या कामाचं अप्रूप होतं. नकाशावर ती त्या गावाच्या गल्ल्या हिंडायची, आईला बंदराचे फोटो दाखवायची. आता तेच प्रश्न रोज साठ-सत्तर वेळा यायचे आणि ती तीच उत्तरं पाठवायची. बाजारात जाताना शिवनेरीला किंवा लेण्याद्रीला आलेल्या एखाद्या गाडीने थांबून रस्ता विचारला, तर ती नुसता हात दाखवून पुढे चालू लागायची. तोंड उघडायचाही कंटाळा यायचा.

त्या मंगळवारी ती आईचा गुडघा दाखवायला सकाळी सातच्या एसटीने नारायणगावला गेली. दवाखान्यात तीन तास नंबर लागला नाही. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन करा, नाहीतर गोळ्यांवर चालवा. परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. टोमॅटोच्या मार्केटमधून परतणाऱ्या एका पाव्हण्याने उठून शकुबाईला जागा दिली, यशोधरा उभीच आली. घरी पोचायला सव्वा वाजला. तिने उभ्याउभ्याच भाकरी खाल्ली आणि कामाला बसली.

कामाचा पहिला नियम असा होता की बसल्याबरोबर आधी पोर्टहॅलनचं हवामान पाहायचं. वारा फार असला की मनोऱ्याचा दरवाजा बंद ठेवत, आणि ते पाहुण्यांना आधी कळवावं लागे. त्या दिवशी तिने ते पाहिलं नाही. विसरली असंही नाही. मग पाहू, म्हणाली, आणि राहून गेलं.

स्क्रीनवरची चौथी की पाचवी चिठ्ठी मॉरीन नावाच्या बाईची होती. तिची आई ब्याऐंशी वर्षांची होती. ही आई पोरवयात असताना पोर्टहॅलनच्या बंदरावर हेरिंग मासे साफ करायच्या कामाला होती, आणि तिला एकदा मनोऱ्यावर चढून ते बंदर वरून पाहायचं होतं. आज निघालो तर चालेल का, मध्ये टेकायला जागा आहे का, एवढंच मॉरीनने विचारलं होतं. यशोधराने ठरलेलं उत्तर पाठवलं. मनोरा पाचपर्यंत उघडा आहे, दोन ठिकाणी बसायला बाक आहेत, आपल्या भेटीसाठी शुभेच्छा.

दुसऱ्या दिवशी मॉरीनची चिठ्ठी पुन्हा आली. दोन बस बदलून, अडीच तास प्रवास करून त्या पोचल्या तेव्हा दरवाजाला साखळी होती. वाऱ्यामुळे बंद, अशी पाटी होती. खाली वाऱ्यात उभं राहवेना, म्हणून दोघींनी बसथांब्याच्या आडोशाला बसून बटाट्याचे काप खाल्ले आणि परतीची बस धरली. मॉरीनने लिहिलं होतं, "मी तक्रार करत नाही. आई म्हणते पुढच्या वेळी जाऊ. पण आता एवढ्या पायऱ्या तिला जमतील असं मला वाटत नाही. न चढता बंदर दिसेल अशी एखादी जागा तुम्हाला माहीत आहे का?"

यशोधराने ती चिठ्ठी दोनदा वाचली. ती चिडून लिहिलेली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चिडलेल्यांसाठी ठरलेलं उत्तर होतं. आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, आणि खाली तिकिटाचे पैसे परत मिळण्याचा फॉर्म. ते पाठवायला एक बटण दाबायचं होतं.

तिने ते दाबलं नाही. बाकीच्या चिठ्ठ्या तशाच ठेवून तिने कॉम्प्युटरवर रस्त्यांचे फोटो उघडले आणि तीन वर्षांत कधी गेली नव्हती त्या वाटांनी बंदराभोवती हिंडू लागली. किल्ल्याच्या बाजूने झाडं आड येत होती. संग्रहालयामागे कुणाचं तरी गोदाम होतं. तासाभराने, गावाच्या वरच्या अंगाला, दफनभूमीच्या दारासमोर तिला एक बुटकी भिंत सापडली. भिंतीपलीकडे सगळं बंदर उघडं पडलं होतं. जवळ एक बाक दिसत होता, आणि गावातली बस दारापर्यंत जात होती.

तिने ते सगळं लिहिलं. बस कुठली, कुठे उतरायचं, किती पावलं. मग थोडं थांबून पुढे लिहिलं: "काल वारा किती आहे ते मी पाहायला हवं होतं. मी पाहिलं नाही. चूक माझी आहे. मी तुमच्या गावात बसलेली नाही. मी भारतात, जुन्नर नावाच्या गावात आहे. ही भिंत मी फक्त फोटोत पाहिली आहे, म्हणून आईंना नेण्याआधी कुणाला तरी विचारा."

पाठवल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. बावीस चिठ्ठ्या साचल्या होत्या. ती त्या उपसत बसली.

शुक्रवारी दुपारी चारला पुण्याहून हर्षालीचा फोन आला. हर्षाली या कामावरची मुख्य होती, यशोधराहून चार-पाच वर्षांनी लहान. तिने यशोधराची ती चिठ्ठी वाचली होती. आपण कुठून बोलतो ते सांगायचं नाही, यादीबाहेरची जागा सुचवायची नाही, आणि चूक लेखी कबूल तर मुळीच करायची नाही, हे तिने एकेक करून सांगितलं. ओरडली नाही. तिचाही आवाज दमलेला होता. वरून विचारणा झाली होती आणि तिला कुणाचं तरी नाव द्यावंच लागलं होतं. सोमवारपासून यशोधराकडे पोर्टहॅलन नव्हतं. इंग्लंडमधल्या एका शहरात गाड्यांना होणाऱ्या दंडाच्या तक्रारी होत्या. पगार तोच.

यशोधरा बरं म्हणाली. फोन ठेवायच्या बेतात असताना हर्षालीने तिला थांबवलं.

"त्या बाईंचं उत्तर आलंय. मला ते तुला पाठवता येणार नाही. वाचून दाखवते."

मॉरीनने लिहिलं होतं की त्या काल गेल्या होत्या. बाक मोडलेला होता, पण भिंत बरोबर होती. आई भिंतीला धरून चाळीस मिनिटं उभी होती. मासे साफ करायच्या पत्र्याच्या शेड कुठे होत्या, मिठाची पिंपं कुठे लागायची, ते तिने हाताने दाखवलं. आता तिथे हॉटेलं आहेत. बोटांना सुऱ्या लागू नयेत म्हणून त्या मुली चिंध्या गुंडाळायच्या आणि तरी मीठ जखमेत जायचंच, हे मॉरीनने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. शेवटी तिने जुन्नरच्या बाईंना धन्यवाद सांगा, असं लिहिलं होतं.

हर्षालीने वाचून संपवलं.

"मी असते तर तो फॉर्मच पाठवला असता," हर्षाली म्हणाली. "ठेवते."

संध्याकाळच्या चहाच्या सुटीत यशोधराने हे आईला सांगितलं. शकुबाई पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिने बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरांची खिचडी शिजवली होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "थंडी लई असंल न्हाई तिकडं? थंडीत, मिठात हात घालायचं. किती वर्सांची व्हती ती तवा?"

"पंधरा-सोळा असेल."

"आन् चाळीस मिन्टं उभी ऱ्हायली."

"हो."

"पाय दुखलं असतील तिचं," शकुबाई म्हणाली. "पर दिसलं ना तिला."

यशोधराला एकदम डोळ्यांत पाणी आलं. का ते तिला सांगता आलं नसतं. कामाचं वाईट वाटलं होतं, पण ते एवढं नव्हतं. आईने तेलाचा हात लुगड्याला पुसला आणि लेकीच्या पाठीवर ठेवला.

सोमवारी दीड वाजता पहिली तक्रार आली. एका माणसाला दवाखान्यासमोर गाडी लावल्याबद्दल दंड झाला होता. आत किती वेळ लागेल ते आपल्याला कसं कळणार, असं त्याने लिहिलं होतं. यशोधराने ठरलेल्या उत्तरांची नवी यादी उघडली. त्यात या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या नंबरला होतं. तिने त्या माणसाचा मजकूर पुन्हा एकदा सावकाश वाचला आणि लिहायला घेतलं.