बाकाखालचा क्रूस

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. तशी वयाने अठराच वर्षांची, पण मोटरींच्या जातीत अठरा म्हणजे म्हातारपणच की. दोनच माणसांची बैठक, उघडा टप, लांबडं नाक आणि आवाजात तोरा. विलायतेत मला शर्यतीसाठी घडवलं. खाली लोखंडाचा सांगाडा, त्यावर ॲश नावाच्या विलायती लाकडाची चौकट आणि चौकटीवर पातळ पत्रा. बाहेरून मी नुसती पत्र्याची दिसते, पण पोटात सगळं लाकूड. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्या लाकडावरून झाली.

चौतीस साली भाईंदरच्या रामनाथ पाटलांनी मला घेतलं. त्यांची खाडीकाठी मिठागरं होती. मी गावात आले तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. "हिच्यात मिठाची एक गोण मावत नाय, मग ही काय कामाची?" असं एक म्हातारे चक्क माझ्या तोंडावर बोलले. रामनाथ हसले आणि मला काशीमिऱ्याच्या चढावर घेऊन गेले. काय सांगू तुम्हांला! चढ संपला की घोडबंदरपर्यंत लाल मातीचा रस्ता, डावीकडे खाडी, समोरून वारा. ते गाणं गुणगुणायचे आणि मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने गायचे. दर रविवारी ते माझ्या खाली निजून सांगाड्याला तेल चोळायचे. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, हे मिठागरवाल्याला कुणी शिकवायला नको.

मग लढाई आली. पेट्रोल कुपनावर गेलं आणि मला मिठाच्या रिकाम्या गोदामात ठेवून दिलं. "लढाई संपली की निघू," असं रामनाथ माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले होते. लढाई संपायच्या आतच ते तापाने गेले. मला कुणी काही सांगितलं नाही. मी आपली दाराकडे कान लावून बसले. वर्ष गेलं, दुसरं गेलं. तेवढ्या काळात वाळवीने माझं सारं लाकूड खाल्लं.

शेवटी गोदामाचं दार उघडलं ते त्यांच्या पत्नीने, मंजुळाबाईंनी. त्यांनी माझ्या दाराला हात लावला आणि दार त्यांच्या हातातच आलं. बाई तिथेच खाली बसल्या. मुंबईहून एक मोटरवाला बोलावला, तर तो म्हणाला, "भंगारात काढा." बाईंनी त्याला चहा पाजला, वाटेला लावला आणि उत्तनला निरोप धाडला बेनेडिक्ट मिस्त्रींना.

बेनेडिक्ट मिस्त्री होड्या बांधणारे सुतार. मोटर त्यांनी जन्मात उघडली नव्हती. त्यांनी मला बैलगाडीवर घालून उत्तनच्या किनाऱ्यावर नेलं आणि होड्यांच्या रांगेत उभं केलं. मला इतकी लाज वाटली, की विचारू नका. मासळीचा वास, शेजारी डांबर फासलेल्या होड्या आणि मी विलायतेची शर्यतवाली! पण तो माणूस माझं एकेक कुजकं लाकूड बाहेर काढी, कागदावर त्याची रेघ मारी आणि सागाचं तसंच्या तसं लाकूड कापून बसवी. चार महिने लागले. काम झाल्यावर त्यांनी बैठकीच्या बाकाखाली पटाशीने बोटभर क्रूस कोरला. बांधलेल्या प्रत्येक होडीवर ते असा कोरत. पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. मंजुळाबाईंनी हळदकुंकू लावून नारळ फोडला. इतकं कौतुक माझं विलायतेतही झालं नव्हतं.

घरात मोटर हाकणारं कुणी नव्हतं. मी पुन्हा गोदामात कुजू नये, चालवणाऱ्याच्या हाती जावी, म्हणून बाईंनी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचं ठरवलं. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "मिस्त्री, गाडी अस्सल आहे असं लिहू ना?"

"लिवा बाय. अस्सलच हाय," मिस्त्री म्हणाले.

मित्रांनो, ते खोटं बोलले नव्हते. उत्तनला होडीची फळी न् फळी बदलली, तरी तळाचं लांब लाकूड तेच असेपर्यंत होडी तीच. तिचं नाव तेच, आजोबाने घेतलेली होडी म्हणून नातू ती मिरवतो. माझा तळ, म्हणजे लोखंडी सांगाडा, तोच होता. त्यांच्या हिशेबी मी अस्सलच होते.

जाहिरात वाचून दादरहून विजयकर साहेब भाईंदरला आले. बाईंनी मिस्त्रींनाही बोलावून घेतलं होतं. मोटरींचा मोठा दर्दी माणूस. त्यांनी इंजिनावरचा नंबर पाहिला, सांगाड्यावरचा पाहिला, गाडीच्या नोंदवहीतल्या नंबरांशी ताडला. रंगाचा कोपरा नखाने खरवडला. दिव्यांच्या काचा, घड्याळाचे काटे, चाकांच्या तारा, काही सोडलं नाही. "जपलीय हो," असं म्हणाले तेव्हा मी आतून फुलून गेले. मग त्यांनी दारावर टिचकी मारली. थांबले. पुन्हा मारली.

"हा साग आहे," ते म्हणाले. त्यांनी बाक उचललं आणि क्रूस पाहिला. "हे कुणाचं?"

"माजा हाय," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज नव्हती.

"मग जाहिरातीत अस्सल कसं लिहिलंत?"

मिस्त्रींनी होडीची गोष्ट सांगितली. विजयकरांनी ती शांतपणे ऐकून घेतली. "होडीत हे चालतं मिस्त्री. मोटरीत अस्सल म्हणजे कारखान्यातून आली तशी." त्यांनी पुन्हा एकदा लाकडावरून हात फिरवला. "काम इतकं सुरेख आहे, की क्रूस नसता तर मीही फसलो असतो. असं करा. तेवढा रंधून टाका आणि लाकूड मूळचंच आहे असं मला लिहून द्या, म्हणजे चारचौघांत अस्सल म्हणून दाखवता येईल. गाडी आजच नेतो. दर रविवारी खंडाळ्याचा घाट चढवीन हिला."

खंडाळ्याचा घाट! माझा जीव नुसता टांगणीला लागला. खरं सांगते, लपवत नाही. मी मनातल्या मनात ओरडत होते, मार रंधा, मिस्त्री, मार. एका क्रूसाने तुझं काय जाणार आहे?

मिस्त्रींनी पिशवीतून रंधा काढला. त्याचं पातं अंगठ्याने चाचपलं. मग बाईंना म्हणाले, "बाय, तुमची गाडी हाय. तुमी सांगाल तं क्रूस काढतो. पन मी केलेला काम मी न्हाय केला, असा कसा लिवू?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मला पाठवायचं होतं, मला ते दिसत होतं. मग म्हणाल्या, "रंधा आत ठेवा मिस्त्री. साहेब, माझी जाहिरात चुकली. माफ करा."

विजयकरांनी माझ्यावर एकदा हात ठेवला, मग ते टोपी घालून निघून गेले. त्या दिवशी मी मिस्त्रींवर फार रागावले. आता नाही रागावत. मला भंगारातून उठवणाऱ्या हातांची खूण पुसून मी घाट चढायला निघाले होते, हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आता महिन्यातून एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मिस्त्री उत्तनहून येतात. तेल देतात, हँडल मारून इंजिन सुरू करतात. हाकता त्यांनाही येत नाही. मग मंजुळाबाई येतात, डोक्यावर पदर घेतात आणि डावीकडच्या बैठकीवर बसतात. पाटील होते तोवर त्या माझ्यात एकदाही बसल्या नव्हत्या. लोक काय म्हणतील, म्हणून. आता बसतात. शेजारची जागा रिकामी. इंजिन चालू असतं आणि आम्ही दोघी जागच्या जागी असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सांधलेली, बुजवलेली, नवा पाय लावलेली वस्तू असेल, तर ती कुणी सांधली ते विचारून ठेवा. त्याचं नाव रंधून टाकू नका. आणि मोठे होऊन कधी मोटर हाकायला शिकलात, तर भाईंदरला या. मंजुळाबाईंना आधी हळूच विचारा, "काशीमिऱ्याच्या चढावर येता का?" त्या नाही म्हणणार नाहीत. मी अस्सल आहे का, एवढं मात्र विचारू नका.